परक्या मुलखातल्या आरोपीचं वकीलपत्र

चि. वकीलबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. चायनीजच्या गाडीवर भांडी घासणारा आणि पडेल ते काम करणारा नेपाळी मुलगा, भारतीय न्याय संहितेचं कलम १०३, म्हणजे सरळ खून, आणि गरीब आरोपींना सरकारी खर्चाने वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातून फाइल थेट तुझ्या टेबलावर. वर बार रूममध्ये कुणीतरी टोमणा मारला की इथलं पोर गेलं आणि तू बाहेरच्याची बाजू घेतेस. तुला तो फार लागलेला दिसतो.

आधी त्या टोमण्याचं बघू, कारण तो पुन्हा येणार आहे. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असे ठराव बार असोसिएशननी केले तर ते रद्दबातल आहेत, असं सुप्रीम कोर्टाने २०१० साली मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या निकालात स्वच्छ सांगितलंय. आणि अजमल कसाबपेक्षा परका आणि त्याच्यापेक्षा गंभीर आरोप असलेला आरोपी या राज्याने पाहिलेला नाही. त्यालाही सरकारी खर्चाने वकील मिळाला. सुप्रीम कोर्टात राजू रामचंद्रन यांच्यासारखा ज्येष्ठ माणूस त्याच्यासाठी उभा राहिला. २९ ऑगस्ट २०१२ च्या त्या निकालात फाशी कायम झाली, पण तुझ्या कामाची एक गोष्ट त्यातच आहे. आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं की ‘तुला वकील मिळण्याचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकार देईल’ हे सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, असं कोर्ट म्हणालं. पण त्यालाच एक शेपूट जोडलंय: हे कर्तव्य चुकलं म्हणून खटला आपोआप कोसळत नाही, आरोपीचं नुकसान झालं हे दाखवावं लागतं. हे शेपूट विसरू नकोस. परक्या माणसाच्या हक्कांचं सगळं दुखणं तिथेच आहे. हक्क असतो, पण तो मोडल्याची नोंद नसते, आणि चार वर्षांनी अपिलात नुकसान दाखवायला हातात कागद नसतो.

म्हणून माझं सगळं सांगणं रोजनाम्याभोवती, म्हणजे कोर्टाच्या त्या-त्या दिवसाच्या लेखी नोंदीभोवती फिरणार आहे. कंटाळू नकोस.

कायदा त्याच्या बाजूने किती आहे हे तुला माहीत आहे, झरझर सांगतो. घटनेचं कलम १४ आणि २१ प्रत्येक व्यक्तीला आहे, कलम २० मधला स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क आणि कलम २२ मधले चोवीस तासांचे नियमही. नागरिकत्वाची अट कलम १९ ला आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला न मागता फुकट वकील मिळतो. तिथेही पासपोर्ट कुठला, हे कुणी विचारत नाही. मर्यादाही ध्यानात ठेव. भारतात राहू देण्याचा हक्क त्याला यातून मिळत नाही. परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार सुप्रीम कोर्टाने १९५५ पासून मान्य केलेला आहे. खटला नीट चालवून घेण्याचा हक्क एक आणि इथे राहण्याचा हक्क दुसरा. सरकारी वकील मुद्दाम या दोन्हींची सरमिसळ करतील, तू करू नकोस.

आता भाषा. तू लिहिलंस, ‘हिंदी येतं त्याला, बोललो आम्ही.’ कुठलं हिंदी? ‘दो प्लेट नूडल्स, एक पार्सल’ एवढं हिंदी म्हणजे खुनाच्या खटल्यातलं हिंदी नव्हे. त्याची मायबोली नेपाळीच आहे की थारू, मगर, तमांग, हेही विचार. नेपाळमधून आलेला प्रत्येक जण घरी नेपाळीच बोलतो असं नाही. ही पोरं मालकासमोर, पोलिसांसमोर प्रत्येक वाक्याला ‘जी’ म्हणतात. रिमांडला, म्हणजे कोठडी मागायला हजर केलं की, कोर्ट विचारतं, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का, मारहाण झाली का. मुलगा मान हलवून ‘जी’ म्हणतो, पोलीस म्हणतात तक्रार नाही, आणि रोजनाम्यात ‘तक्रार नाही’ असं उमटतं. तू तिथे उभी असशील तर तेवढ्यापुरतं मध्ये पड आणि अर्ज दे, की आरोपीला प्रश्न समजलेला नाही, दुभाषा द्यावा. तोंडी बोलू नकोस, अर्ज दे. फेटाळला तरी चालेल, फेटाळल्याचा शेरा हाच तुझा कागद.

अटकेची कारणं त्याला कुठल्या भाषेत दिली, तेही आजच बघ. ६ नोव्हेंबर २०२५ ला मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कुठल्याही गुन्ह्यात अटकेची कारणं लेखी, आणि आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायची. जागेवर देणं अशक्य असेल तर तोंडी सांगून, नंतर लेखी द्यायची, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी. तुझ्या फाइलमध्ये मराठीतला छापील नमुना आणि खाली त्याची सही असणार. सही देवनागरीत असेल, कारण नेपाळीही देवनागरीतच लिहितात, आणि ती सही बघून सगळ्यांना वाटेल की पोरानं वाचून सही केली.

हीच गफलत मेमोरंडम पंचनाम्यात, म्हणजे वस्तू काढून देतो असं आरोपीचं निवेदन पंचांसमोर लिहून घेतात त्यात, जास्त महाग पडते. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, पण त्यातला ज्याच्यामुळे वस्तू सापडते तेवढा भाग येतो. आधी पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ते आलं आहे. ते मेमोरंडम काढ आणि मोठ्याने वाच. ‘मी सदरचे हत्यार ओढ्यालगतच्या झुडपात लपवून ठेवले असून ते मी स्वतः दाखवून काढून देतो’ असं काहीतरी असेल. ‘सदरचे’ आणि ‘ओढ्यालगतच्या’ हे शब्द नूडल्स ढवळणाऱ्या नेपाळी मुलाच्या तोंडचे आहेत, असं पंचांना शपथेवर म्हणू दे. तो कुठल्या भाषेत बोलला, मराठी कुणी केलं, दुभाषा पंचनाम्यात का नाही, त्याला परत वाचून कुणी दाखवलं, हे चार प्रश्न उलटतपासासाठी आत्ताच लिहून ठेव. पंच त्याच गाडीवरचे गिऱ्हाईक असतील तर आणखी बरं.

दोषारोपपत्र मराठीत येईल. नेपाळी भाषांतर मागशील तर सरकारी वकील २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पुढे करतील: आरोपीच्या वकिलाला ती भाषा येत असेल तर भाषांतर दिलंच पाहिजे असं नाही, वकिलाने समजावून सांगावं. म्हणजे ते ओझं तुझ्या डोक्यावर आलं. जिल्हा कारागृहात दुभाष्याला घेऊन जा आणि प्रत्येक साक्षीदाराचा जबाब त्याला सांग. दुभाषा त्याच मालकाकडचा किंवा त्या गाडीवरचा घेऊ नकोस, तोच उद्या साक्षीदारांच्या यादीत निघेल. पुरावा सुरू झाला की प्रत्येक साक्ष आरोपीला कळणाऱ्या भाषेत भर कोर्टात समजावून सांगायची, हा नागरिक सुरक्षा संहितेचाच, म्हणजे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचाच नियम आहे. न्यायाधीश घाईत असले तरी तू नम्रपणे अडून राहा.

दूतावासाचं तू विचारलंस. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६. अटक झालेल्या परदेशी माणसाला, आपल्या देशाच्या दूतावासाला कळवून घेण्याचा हक्क आहे हे विनाविलंब सांगायचं, आणि त्याने म्हटलं तर कळवायचं. साताऱ्यात हे कलम कुणाला शिकवावं लागू नये. कुलभूषण जाधव सांगलीत जन्मलेले, घराणं मूळचं जावळी तालुक्यातल्या आनेवाडीचं. महामार्गावर टोल भरायला आपण थांबतो ते आनेवाडी. त्यांच्यासाठी भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो याच कलमावर. १७ जुलै २०१९ ला पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी पाकिस्तानने कलम ३६ मोडलं असं ठरलं. अटकेनंतर भारताला कळवायला जे तीन आठवडे लावले तेही करारभंगात धरले. हेरगिरीचा आरोप आहे म्हणून हक्क मिळणार नाही, हे म्हणणं न्यायालयाने फेटाळलं. सुटका मात्र त्याने दिली नाही, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा एवढंच सांगितलं. त्या दिवशी इकडे पेढे वाटले गेले. मग आपल्याच ठाण्यात नेपाळच्या पोराला हे सांगितलं गेलं का, एवढा प्रश्न विचारायला लाजू नकोस. तपासी अंमलदारांना लेखी विचार, कोर्टात पुरसिस (लेखी निवेदन) दे आणि कारागृह अधीक्षकांनाही प्रत पाठव.

एक सावधगिरी. हक्क आरोपीचा आहे, तुझा नाही. त्याला विचारल्याशिवाय दूतावासाला फोन करायचा नाही. या मुलाची काही अडचण नसेल, पण उद्या म्यानमारमधून जीव वाचवून पळालेला कुणी तुझ्याकडे आला तर त्याच्या सरकारला त्याचा पत्ता कळवणं म्हणजे त्याच्या घरच्यांना संकटात लोटणं.

आता वय, आणि इथे माझा जीव खरा अडकलाय. पोलिसांनी १९ लिहिलंय. कशावरून? बहुधा त्यानेच सांगितलं म्हणून, किंवा मालकाने कामावर ठेवताना सांगितलं म्हणून. अठराच्या आतल्या पोराला कामावर ठेवल्याचं कुठला मालक कबूल करेल? त्याच्या घरून नागरिकतेचा, म्हणजे नेपाळी नागरिकत्वाच्या दाखल्याचा, फोटो मोबाईलवर मागव. नेपाळात सोळाव्या वर्षी ती मिळते. त्यावरची जन्मतारीख विक्रम संवतातली असेल. आपल्या पंचांगातलं विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतं, नेपाळचं एप्रिलच्या मध्यावर. तेव्हा वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंतच्या तारखेतून ५७ वजा कर, त्यापुढच्या तारखेतून ५६. मंसिर २०६४ म्हणजे २००७ चे नोव्हेंबर-डिसेंबर. एका वर्षाच्या चुकीने पोरगं सज्ञान ठरतं किंवा अल्पवयीन. नागरिकतेवर थांबू नकोस. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पहिला मान शाळेच्या दाखल्याला आहे, मग स्थानिक संस्थेच्या जन्मनोंदीला, ज्याला तिकडे जन्मदर्ता म्हणतात. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. गावच्या शाळेतून दाखला आणायला कुणाला तरी दोन बस बदलून जावं लागेल, पण जाऊ दे. सोळा ते अठरामधला निघाला तर बाल न्याय मंडळ आधी प्राथमिक छाननी करेल, आणि सज्ञान धरून खटला चालला तरी फाशी किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप देता येणार नाही.

हा मुद्दा कधीही काढता येतो म्हणून मागे ठेवू नकोस. पुण्यातल्या १९९४ च्या राठी हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक जण घटनेच्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता, हे सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये मान्य केलं. तोही बाहेरच्या मुलखातला, राजस्थानातला. शाळेचा कागद तिकडेच पडून होता. माणूस अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ आत होता.

जामिनाला घाई नको, पण तारखा वहीत लिही. पहिल्या रिमांडचा दिवस धरून नव्वद दिवस मोज. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, म्हणून एक्याण्णवाव्या दिवशी कोर्ट उघडताना त्याचा अर्ज टेबलावर हवा, संध्याकाळी नव्हे. नेहमीच्या जामिनाला सरकारी वकील म्हणतील, सीमा उघडी आहे, पळून जाईल. १९५० च्या करारापासून नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही हे खरंच आहे. त्यावर तुझं उत्तर ठोस असावं: राहण्याचा पत्ता, ठाण्यातली हजेरी, मूळ नागरिकता कोर्टात जमा. जामीनदार सातारा जिल्ह्यातलाच आणि सातबारा असलेलाच हवा अशी अट आली तर तशी अट चुकीची ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा मोतीराम निकाल दाखव. दूतावासाचं हमीपत्र आणा म्हटलं तर सुप्रीम कोर्टाचा जुलै २०२४ चा फ्रँक व्हायटस निकाल काढ. नायजेरियन आरोपीच्या त्या प्रकरणात कोर्टाने म्हटलंय, की दूतावासाने सात दिवसांत पत्र दिलं नाही तर ती अट सोडायची. सत्र न्यायालयाने नाकारलं तर आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून सातारकरांचं हायकोर्टाचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचवर चालतं.

बांगलादेशी म्हणून पकडलेल्यांच्या फाइलीही तुमच्या कार्यालयात येतील. तिथे नागरिकत्व सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो. तरी नुसत्या संशयावर कुणाला परदेशी ठरवता येत नाही, आधी सरकारने हातातलं साहित्य दाखवावं, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये रहीम अली प्रकरणात म्हटलंय. त्याबद्दल भेटीत बोलू.

त्याच्या आईचा फोन येईल, मोडक्या हिंदीत. ‘सुटेल’ म्हणू नकोस आणि ‘सुटणार नाही’ असंही नको. तो कुठल्या जेलमध्ये आहे, पुढची तारीख कोणती, शाळेचा दाखला का हवा आणि तुझी फी सरकार देतं, एवढं सांग. कोर्टाच्या आवारातून कुणी फोन करून पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, हे दोनदा सांग आणि दुभाष्याकडून तिसऱ्यांदा सांगव. शनिवारी मेमोरंडमची नक्कल घेऊन ये.

तुझा,
सर