सोन्याच्या नॅनोकाड्यांना साचा लागतो का?

प्रश्न: सोन्याचे नॅनोकण काडीच्या आकाराचे पण बनवतात म्हणे, मग एवढासा साचा आणतात कुठून?

उत्तर: साचाबिचा काही नसतो हो! आधी सोन्याच्या क्षारात सोडियम बोरोहायड्राइड (क्षारातून सोनं झटकन सुटं करणारं रसायन) टाकून अगदी बारीक गोल कण करतात, मग ते दुसऱ्या द्रावणात सोडायचे, त्यात परत सोन्याचा क्षार, सीटॅब नावाचा साबणासारखा पदार्थ, थोडं सिल्व्हर नायट्रेट म्हणजे चांदीचा क्षार आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणजे आपलं व्हिटॅमिन सी. हे ॲसिडही क्षारातून सोनं सुटं करतं, पण सौम्यपणे, त्यामुळे नवीन सोनं त्या कणांवरच सावकाश चढतं, आणि सीटॅब नि चांदी बाजूच्या पृष्ठभागांना चिकटून बसतात म्हणून वाढ टोकांकडे जास्त होते. माझ्या मते खरी कमाल चांदीची, तिचं प्रमाण बदलून लांबी बदलता येते! बारीक गोल कण ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे हिरवा, प्रकाश शोषतात म्हणून द्रावण लाल दिसतं, काड्या लांबल्या की मुख्य शोषण इन्फ्रारेडकडे सरकतं.