सटवीचा कोरा कागद अल्बममध्ये काऊन लावायचा

चिऊ,

काल रात्रीचा तुझा व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. पहिल्यांदा नुसत्या कुकरच्या शिट्ट्या, बाळाचं रडणं अन आजीचं "हळू बोल गं" एवढंच कळलं, मग हेडफोन लावून ऐकला तेव्हा प्रश्न समजला. आत्याच्या बाळासाठी तू जी स्क्रॅपबुक बनवून राहिली तिच्यासाठी आजीने तुला एक घडी घातलेला कागद आणून दिला अन म्हणे हा पहिल्या पानावर लाव, आणि त्या कागदावर काहीच नाही, हळदीकुंकवाचे डाग फक्त. तर बाबा मी त्याच्यावर काय लिहू, अन काही लिहायचंच नाही तर मग लावायचा कशाला, एवढं चांगलं पान वाया. हेच न?

आज शुक्रवार, इथे सुट्टी, मस्कतमध्ये बाहेर पाय ठेवायची सोय नाही इतकं ऊन आहे, म्हणून निवांत टाईप करतो. लांबेल थोडं. आजीलाही वाचून दाखव, कुठे चुकलो तर ती सांगेलच, तिला त्याचीच हौस.

तर आधी उत्तर. काहीच लिहू नको. तो कागद लिहिलेला आहे.

बाळ पाच दिवसांचं झालं ती रात्र आठवते? तू म्हणे रात्रभर जागणार म्हणून हट्ट धरला होता अन साडेनऊलाच आडवी झालीस, आईने फोटो पाठवला होता, तोंड उघडं. त्या संध्याकाळी आजीने आत्याच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडला. तो पाटा मिक्सर आल्यापासून वर्षभर बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली असतो, पण असल्या दिवशी त्याला धुऊन पुसून मानाने आत आणतात, हळदकुंकू लागतं, कणकेचे दिवे लागतात. आणि बाजूला एक कोरा कागद अन पेन. पेन तुझाच होता, जांभळा जेल पेन, आजीला घाईत दुसरा सापडला नाही, त्यावरून तू दोन दिवस फुगून बसली होतीस हेही कळलंय मला.

ही पाचवीची पूजा. पूजा सटवीची, कोणी सटवाई म्हणतात. सटवी म्हणजे षष्ठी, सहावी, म्हणून काही घरांत सहाव्या दिवशी करतात, आणि आपल्या बाजूच्या काकू हिंदीत छठी म्हणतात ती पण हीच बाई. म्हणणं असं की त्या रात्री सगळे झोपले की सटवी येते अन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. पुढे काय होणार, किती शिकणार, कुठे जाणार, सगळं. मग तिला लिहायला कागद-पेन नको? ठेवायचा. सकाळी पाहावं तर कागद कोराच, कारण तिचं अक्षर आपल्याला दिसत नाही. म्हणून तो कागद फेकत नाहीत, निदान आपल्या घरी तरी नाही.

तू मराठीच्या पुस्तकात "पाचवीला पुजलेलं" वाचलं असशील. ते इथूनच आलं. जे जन्मापासून पाठीशी लागलंय, सुटतच नाही, ते पाचवीला पुजलेलं. माझ्या पाचवीला उन्हाळा पुजलाय बघ, नागपूर सोडलं तर मस्कत.

आता तू विचारशीलच, बाबा तुम्ही हे खरं मानता का. नाही मानत. कोणी रात्री येऊन कपाळावर लिहीत नाही. पण मी त्या पूजेला हसत पण नाही, अन ते काऊन ते सांगतो, कारण हे मला पण फार उशिरा समजलं.

पूर्वी बाळंतपणं घरी व्हायची, नाळ जे हाताशी असेल त्याने कापायची, विळा, पातं, काहीही. धनुर्वाताचे जंतू मातीत अन शेणात असतात, नाळेच्या जखमेतून ते बाळाच्या अंगात जायचे. आणि हा रोग दिसायचा कधी, तर बहुतेक वेळा जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत. चांगलं दूध पिणारं बाळ एकदम पिणं सोडायचं, अंग ताठ व्हायचं. म्हणजे पाचवी-सहावीची रात्र खरंच धोक्याची होती. मला वाटतं, म्हणूनच त्या रात्री घरातल्या बाया दिवा लावून जागायच्या, बाळाजवळून हलायच्या नाहीत. दुसरा इलाज त्यांच्याकडे होता कुठे. आता आईला गरोदरपणातच धनुर्वाताचं इंजेक्शन देतात, नाळ निर्जंतुक ब्लेडने कापतात, आणि 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतात निर्मूलन झालं. आत्याला ती इंजेक्शनं मिळाली होती, कार्डावर तारखा असतील पाहा. तरी आजी जागलीच. आई म्हणाली पहाटे चारला उठून पाहते तर आजी बाळाच्या उशाशी भिंतीला टेकून बसलेली, दिव्यात तेल घालून राहिली होती. त्या कागदावर जो हळदीचा अंगठा आहे न, कोपऱ्यात, तो तिचाच असणार.

म्हणून तो पहिल्या पानावर. बाळाचा पहिला फोटो तर कोणीही लावेल.

आता माझी गंमत. आजीने माझ्या पाचवीचा कागद पण ठेवला होता, लोखंडी पेटीत तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत. मी दुसरीत होतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटी उघडी सापडली, कोरा कागद दिसला, हातात लाल स्केचपेन, मी त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं "एसटी ड्रायवर" अन खाली बस काढली. ड्रायव्हरच्या व ला ह जोडायचा हे पण माहीत नव्हतं. आजीने पाहिलं, मला वाटलं आता धपाटा, पण ती कपाळाला हात लावून खाली बसली अन हसायलाच लागली, म्हणे बापा, सटवीला जागाच नाही ठेवली या पोट्ट्याने. आज मी इथे कंपनीची पिकअप घेऊन रोज साइटवर जातो-येतो, तर दर सुट्टीत आजीचं एकच, "तूच लिहिलंस न, मग चालव आता." तेव्हा तू पेन लांब ठेव.

आणि तुझा कागद कुठाय हे विचारायच्या आत सांगतो, तू आईच्या माहेरी झालीस, म्हणून तुझा वर्ध्याच्या आजीकडे आहे, पोथीत. दिवाळीत गेलीस की माग.

बरं, कामाचं. कागद चिकटवायचा नाही. फेविकॉल तर बिलकूल नाही, त्याच्या ओलाव्याने पातळ कागदाला सुरकुत्या पडतात, अन आता पावसाळा, तिकडे एक वस्तू धड वाळत नाही. पहिल्या पानावर एक पाकीट बनव, तीन बाजूंना बारीक डबल टेप, वरची बाजू उघडी, कागद त्यात घडीसकट सरकवायचा. हळदीचा रंग उजेडात उडतो, म्हणून प्लॅस्टिकची पारदर्शक खिडकी वगैरे करू नको, तुला सुचेलच ते म्हणून आधीच सांगतो. पाकिटावर तारीख टाक अन "पाचवी" एवढंच लिही.

कार्डशीट तू बर्डीच्या बाजारातून आणलीस ती काळी, जाड, छान आहे. पण प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर टाक, नाहीतर ग्लॉसी फोटो दमट हवेत एकमेकांना चिकटतात अन सोडवताना दोघांचं तोंड सोलते. आणि फोटो पण कोपऱ्यांवर लाव, पूर्ण पाठीला गोंद लावू नको, उद्या आत्याला एखादा काढून फ्रेम करावासा वाटला तर?

सोनोग्राफीचा फोटो आत्याने दिलाय म्हणालीस, लॅमिनेट करून आणू का. नाही! नाही नाही. तो थर्मल कागद असतो, एटीएमच्या पावतीसारखा, त्यावर शाई नसतेच, गरमीनेच चित्र उमटलेलं असतं. लॅमिनेशनची गरम मशीन त्यावरून गेली की सगळा काळा. मी तुझा केला होता. तू व्हायच्या आधीचा एकुलता एक फोटो, मी हौसेने लॅमिनेट करायला नेला अन काळीकुट्ट पट्टी घेऊन घरी आलो, आई माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. ती पट्टी अजून कपाटात आहे, फेकवत नाही. तर बाळाच्याचा मोबाइलने नीट उजेडात फोटो काढ, त्याचा साधा प्रिंट काढून तो लाव. नुसता ठेवला तरी ओरिजिनल काही वर्षांत फिका पडतो. लसीच्या कार्डाची पण झेरॉक्सच लावायची, ओरिजिनल आत्याला लागेल, दीड महिन्याची लस येऊनच राहिली.

पायाचे ठसे आजी म्हणते कुंकवाचे घे, गौरीच्या पावलांसारखे. घे न. पण ताटलीत कुंकू फार पातळ नको करू, बाळ झोपलेलं असताना आधी एक पाय, पुसून कोरडा करायचा, मग दुसरा. दहा कागद वाया जातील. बाळ पाय आखडून घेते, बोटं उमटतच नाहीत, टाचच उमटते. ते वाया गेलेले पण एक-दोन ठेव मला.

आणि एक तक्रार आहे. बारशाचा जो फोटो तू मला पाठवलास, कुंची घातलेला, मनगट्या घातलेला, त्यात बाळाच्या गालावरची तीट कुठे गेली? तू ॲपवर पुसलीस न? डाग समजून? अगं तो डाग नाही, ते मुद्दाम लावलंय, बाळ इतकं छान दिसू नये की कोणाची नजर लागावी, म्हणून थोडं बिघडवून ठेवायचं. डॉक्टरांनी डोळ्यात काजळ घालायला मना केलं तर आजीने ऐकलं, पण गालावरची अन तळपायावरची तीट सोडली नाही, एवढं तर तिचं चालू दे. पुसलेला प्रिंट काढला असशील तर दुसरा काढ, पैसे आईकडून घे, मी सांगतो तिला. वीस वर्षांनी ही पोट्टी अल्बम उघडेल अन तिला तीटच दिसणार नाही तर मग तो फोटो कुठल्याही बाळाचा.

कव्हरला काय लावू हे पण विचारलंस. आजीच्या त्या हिरव्या लुगड्याचा काठ माग, ज्याचं दुपटं शिवलं न बाळाला, त्यातलाच उरला असेल. बर्डीची चमकी लेस नको. माझं मत आहे हां, अल्बम तुझा आहे.

तान्ह्या पोळ्याचं एक पान नक्की कर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आत्याच्या अकोल्याकडच्या सासरच्यांना पण कळू दे नागपुरात लेकरं लाकडाचे बैल कसे मिरवतात. तुझा चाकाचा बैल बाळाच्या दुपट्याजवळ ठेवून फोटो काढ, आणि बैल मिरवल्यावर तुला बोजारा म्हणजे ओवाळणीचे पैसे मिळतील त्यातलं एक नाणं पानावर टेपने लाव, बाळाचा पहिला बोजारा म्हणून. त्याच दिवशी सकाळी इतवारी-महालात मारबत म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तिकडे बाळाला न्यायचं नाही, फार गर्दी अन फार आवाज, पण तू मामाआजोबांसोबत जाशील तर येताना "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" हे ओरडणं मोबाइलवर रेकॉर्ड कर. अल्बममध्ये लावता येत नाही, माझ्यासाठी. मला ऐकायचंय.

आत्या तिसऱ्या महिन्यात सासरी जाईल, त्याआधी हे पूर्ण झालं पाहिजे, बाळंतविड्यासोबत द्यायचंय. शेवटची दोन पानं मात्र रिकामी ठेव, सजवू पण नको. एक उष्टावणाचं, एक जावळाचं. पहिला घास मामाने सोन्याच्या अंगठीने चाटवायचा असतो अन जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं, आणि मामा मी आहे. बारशाला नाही येता आलं, सुट्टी नव्हती, व्हिडिओ कॉल मध्येच अडकला अन नाव काय ठेवलं हे मला दहा मिनिटांनी कळलं. उष्टावणाचं तिकीट आधीच काढून ठेवतो.

जांभळे पेन येताना आणतो, पूर्ण पाकीट. तो पाचवीचा पेन पण आजी पाकिटात ठेवायला मागेल, देऊन टाक. पण त्याआधी गणिताच्या पेपरला एकदा नेऊन पाहायचं असेल तर आजीला मी नाही सांगणार.

बाबा