ऑप्टिकल पिकअप: आधी एवढंच कर

गिटारला ऑप्टिकल पिकअप, म्हणजे तारेचं कंपन प्रकाशाने टिपून त्याचा सिग्नल करणारा भाग, बसवायचा तुझा उत्साह बघून बरं वाटलं, पण लगेच गिटार कोरायला घेऊ नकोस! कल्पना तशी जुनीच. रॉन होग यांनी १९६९ साली शिकागोच्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात असा पिकअप दाखवला होता. तारेच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या बाजूला तो प्रकाश टिपणारा सेन्सर. तार हलली की तिची सावली हलते, आणि त्या सावलीचाच सिग्नल होतो. चुंबक नाही, म्हणून नायलॉनची तारही चालते.

सुरुवातीला नवखे हमखास अडकतात ते इथे:

- तार सेन्सरसमोर नीट जुळलेली हवी. तारांची जाडी किंवा उंची बदललीस की पुन्हा जुळव. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.
- सेन्सर उघडा ठेवू नकोस. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या पिवळ्या बल्बचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि तीच घरघर अँपमधून ऐकू येते. मी आठवडाभर वायरिंगला दोष देत बसलो होतो. दोषी डोक्यावरचा दिवा!
- बॅटरी संपली की आवाज बंद. जास्तीची जवळ ठेव.

जुने चुंबकी पिकअप काढू नकोस. त्यांचा उबदारपणा यात आपोआप येत नाही. प्रीअँपचं (अँपआधी सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचं) नंतर बघू. आधी एकाच तारेवर करून बघ.