डोक्याला लागलं तर आईला सांगायचं नाही

"ताई, माझं पोरगं मैदानावर मरणार तर नाही ना?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने विचारलं. २०२३ चा मे महिना होता. मी इथे टेक्सासमध्ये, डॅलसजवळ, बरीच वर्षं आपल्या लोकांसोबत समुपदेशनाचं काम करते आणि दर उन्हाळ्यात हा प्रश्न कुणी ना कुणी घेऊन येतंच, बहुतेक वेळा आई, कारण इथे नववीत गेलं की शाळेच्या फुटबॉल टीमचा फॉर्म घरी येतो आणि त्यावर आईबाबांची सही लागते. (नावं टाकत नाही, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, आणि या घरातल्या तिघांना विचारूनच लिहितेय.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथलं फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नाही. हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि बॉल घेऊन पळणाऱ्याला अंगावर जाऊन पाडायचं, त्याला टॅकल म्हणतात. कबड्डीतली पकड डोळ्यासमोर आणा, फक्त दोघंही पूर्ण वेगात पळत एकमेकांवर येताहेत आणि त्यातला एक नव्वद किलोचा आहे. टेक्सासमध्ये शुक्रवारी रात्री अख्खं गाव शाळेच्या मॅचला लोटतं, आपल्याकडे जत्रेला लोटतं ना तसं.

ही बाई मूळची नागपूरची, नवरा आयटीत, मुलगा तीन वर्षांचा असताना इकडे आले. मुलगा चौदाचा, उंचीला बापाच्या वर गेलेला, आठवीपर्यंत शाळेत एकटा एकटा राहणारा, डबा एकट्याने खाणारा. कोचने त्याला वेट रूममध्ये बघितलं आणि टीममध्ये ये म्हणाला. पोरगा आयुष्यात पहिल्यांदा घरी येऊन भडाभडा बोलायला लागला. बाबांनी सही करून टाकली, हिला न विचारता. तेव्हापासून घरात दोघांचं बोलणं बंद, आणि ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर एकच व्हिडिओ बघत बसायची.

तो व्हिडिओ डमार हॅमलिनचा, एनएफएलमधल्या म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या खेळाडूचा. २ जानेवारी २०२३, सोमवार, सिनसिनाटीला त्याच्या टीमची, बफेलो बिल्सची मॅच होती, त्याने एकाला टॅकल केलं, उठून उभा राहिला आणि दोन पावलांत मागे कोसळला. हृदय बंद पडलं होतं. ही मॅच त्या रात्री यांच्या घरात टीव्हीवर लाइव्ह चालू होती, बापलेक बघत होते, ही पोळ्या करत होती आणि दोघं एकदम गप्प झाले म्हणून बाहेर आली. "चोवीस वर्षांचा होता हो तो. आणि हे सांगून राहिले मला की काही होत नाही."

मी तिला लगेच "काळजी करू नका" म्हटलं नाही. घाबरलेल्या माणसाला असं म्हटलं की त्याला वाटतं हिला काही कळतच नाहीये. मी आधी त्या दिवशी नेमकं काय झालं ते सांगितलं. छातीवर, हृदयाच्या बरोबर वर फटका बसला आणि तो दोन ठोक्यांच्या मधल्या अगदी एका नाजूक क्षणाला बसला, तर हृदयाची लय बिघडते आणि ते नुसतं थरथरत राहतं. अशी घटना बेसबॉलच्या बॉलनेही होते. उपाय एकच, लगेच छाती दाबायला सुरुवात करायची आणि शॉकचं मशीन आणायचं. हॅमलिनला मैदानावर तेच मिळालं, टीमचा ट्रेनर (म्हणजे कोच नाही, खेळाडूंच्या दुखापती बघणारा माणूस) धावत आला आणि सीपीआर सुरू केला, म्हणून तो वाचला आणि एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्याला परत खेळायची परवानगीसुद्धा दिली. एनएफएलच्या चालू मॅचमध्ये जीव गेलेला खेळाडू आजवर एकच, डेट्रॉइटचा चक ह्यूजेस, १९७१ मध्ये, आणि तोही हृदयविकाराने.

ती म्हणाली, म्हणजे होत नाही ना असं? मी म्हटलं होतं, पण तुम्ही बघताय तसं क्वचितच. इथे शाळांमध्ये दहा लाखांच्या आसपास मुलं हा खेळ खेळतात आणि त्यातली काही दरवर्षी जातात, हे मी लपवणार नाही. पण अलीकडच्या वर्षांत थेट धडकेने जाणाऱ्यांपेक्षा उष्माघात आणि हृदयाच्या त्रासाने जाणारी जास्त असतात. आणि उष्माघाताचं बरंचसं आपल्या हातात असतं.

इथे तिचा चेहरा बदलला. नागपूरची बाई, तिला ऊन शिकवायची गरज नव्हती. पण ४५ डिग्रीत दुपारी घरात बसायचं असतं हे तिला माहीत, ३८ डिग्रीत हेल्मेट आणि पॅड घालून ऑगस्टमध्ये पळायचं असतं हे नवीन होतं. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, धोका सगळ्यात जास्त पहिल्या आठवड्यात. कोरी स्ट्रिंगर म्हणून मिनेसोटाचा भलादांडगा खेळाडू होता, एनएफएलमधला, सत्तावीस वर्षांचा, तो २००१ मध्ये सीझनच्या आधीच्या प्रॅक्टिसमध्ये उष्माघाताने गेला. २०१८ मध्ये मेरीलँडला कॉलेजचा जॉर्डन मॅकनेअर गेला, एकोणीस वर्षांचा, त्याला वेळेत बर्फाच्या पाण्यात ठेवलं गेलं नव्हतं. मी तिला सांगितलं, उष्माघाताला आधी थंड करायचं आणि मग हॉस्पिटलला न्यायचं, टबमध्ये बर्फाचं पाणी तयार पाहिजे, अर्ध्या तासाच्या आत. ती पर्समधून बिलाचा कागद काढून मागे लिहायला लागली. पुढच्या आठवड्यात तिने नवऱ्याला कोचकडे पाठवलं, टब कुठे ठेवता ते दाखवा म्हणून. नवरा-बायको त्या विषयावर पहिल्यांदा एकत्र काहीतरी करत होते.

अजून एक गोष्ट मी आवर्जून विचारली, विदर्भातली म्हणून. सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालीय का? तिकडे काही समाजांत हे बरंच असतं. इथे जन्मलेल्या बाळांची तपासणी होते, पण हा नागपूरला जन्मलेला. ज्यांच्यात आजार नसतो, फक्त वाहक असतात, त्यांना एरवी काही जाणवत नाही, पण उन्हात न थांबता जीव तोडून पळवलं तर ती मुलं कोसळू शकतात, कॉलेजचे खेळाडू यात गेलेत. रिपोर्ट नॉर्मल आला. पण हा प्रश्न डॉक्टरांना आपणहून सुचेलच असं नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

बाबा पुढच्या सेशनला आले ते लॅपटॉप घेऊन. त्यांचं म्हणणं, खेळ आता सेफ झालाय, आणि त्यांचे आकडे खरे होते. १९०५ मध्ये या खेळात किमान १८ जण मेले आणि प्रेसिडेंट रूझवेल्टना कॉलेजवाल्यांना व्हाइट हाउसला बोलवावं लागलं. १९६८ मध्ये थेट खेळातल्या इजेने ३६ जण गेले. मग हेल्मेट सुधारली, १९७६ मध्ये डोकं पुढे घालून धडक मारायला बंदी आली आणि १९९० मध्ये थेट इजेने एकही मृत्यू नाही. मी म्हटलं, सगळं बरोबर आहे, पण हेल्मेट कवटी फुटू देत नाही, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. २००२ मध्ये पिट्सबर्गचा एनएफएलमधला जुना खेळाडू माइक वेबस्टर गेला तेव्हा डॉक्टर बेनेट ओमालूंनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांनी झालेला आजार त्यात सापडला, सीटीई म्हणतात त्याला. २०१७ मध्ये बोस्टनच्या अभ्यासात एनएफएलच्या १११ खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत तो होता. आता हे मेंदू कुटुंबांनी दान केलेले, बऱ्याच घरांना आधीच शंका होती म्हणून, त्यामुळे शंभरातल्या नव्व्याण्णवांना होतो असा अर्थ काढायचा नाही. शाळेपुरतंच खेळलेले १४ जण होते, त्यातल्या ३ जणांत सापडला. बाबांनी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, तुमचा मुलगा असता तर? हा प्रश्न मला सगळेच विचारतात आणि मी टाळत नाही. नववीच्या आधी टॅकल अजिबात नाही, फ्लॅग फुटबॉल खेळ म्हणाले असते, त्यात कमरेची पट्टी ओढायची असते, कुणी अंगावर येत नाही, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो आहे. आणि नववीत? नववीत मी घाबरत घाबरत सही केली असती, पण मुलाशी आधी बोलून.

ते मुलाशी बोलणं माझ्या हातून उशिरा झालं. उन्हाळाभर मी आईबाबांना भेटले, मुलगा आला एकदम ऑक्टोबरमध्ये, तोही आई म्हणाली की हल्ली चिडचिड करतो, अभ्यासात लक्ष नाही म्हणून. या चुकीचं मला आजही वाईट वाटतं.

तो आला आणि खिडकीचा पडदा लावू का म्हणाला. मी लावला. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि मी विचारलं, डोकं दुखतंय का रे? तो बराच वेळ बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, आईला सांगणार नाही ना. नऊ दिवसांपूर्वी प्रॅक्टिसमध्ये त्याचं डोकं जमिनीवर आपटलं होतं. काही सेकंद सगळं पांढरं दिसलं. उठला, पुढची चाल कुठली ते आठवेना, शेजारच्याला विचारून उभा राहिला. घरी येऊन उलटी झाली तर कँटीनच्या पिझ्झावर ढकललं. त्यानंतर रोज प्रॅक्टिसला जात होता, डोकं ठणकत असताना. मी विचारलं ट्रेनरला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "ट्रेनरला सांगितलं की घरी फोन जातो. आणि आईला कळलं की संपलं. मग मी परत एकटाच बसणार डबा खायला."

माझ्या पोटात गोळा आला. त्याला कळेल अशा भाषेत मी सांगितलं की आधीच्या धक्क्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला तर मेंदू भराभर सुजू शकतो आणि मग डॉक्टरांच्याही हातात फार राहत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या झॅकरी लिस्टेडचं सांगितलं. २००६, तेरा वर्षांचा, डोक्याला लागल्यावर त्याच मॅचमध्ये परत उतरवलं. जीव वाचला, पण पुढे कितीतरी महिने बोलता येत नव्हतं, व्हीलचेअर आली. त्याच्या नावाने तिथे २००९ मध्ये कायदा झाला आणि मग सगळ्या राज्यांत असे कायदे आले. आमच्या टेक्सासमध्येही डॉक्टरची लेखी परवानगी आणि आईबाबांची सही असल्याशिवाय मुलाला परत उतरवता येत नाही. पण कायदा चालू व्हायला कुणालातरी आधी कळायला लागतं ना की पोराला लागलंय.

सेशनमधलं बोलणं मी बाहेर सांगत नाही, फक्त जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलेलं होतं. मी म्हटलं, हे आज सांगावं लागेल, पण तुझ्यामागे नाही, तू इथे बसलेला असतानाच, आणि तुला हवं तर तूच सांग. तो रडला. मग म्हणाला, तुम्ही सुरुवात करा.

आई बाहेरच बसली होती. ऐकल्यावर ती ओरडेल असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. ती काही बोललीच नाही, त्याच्या कपाळाला हात लावला, ताप बघतात तसा. मग फक्त एवढंच, "मला काहून नाही सांगितलं रे?" आणि तो म्हणाला, "तू बंद केलं असतं." आणि ती म्हणाली, "हो. केलं असतं."

त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे गेले. कंकशनच होतं, म्हणजे मेंदूला धक्का बसलेला. प्रॅक्टिस बंद, शाळेतही निम्मा वेळ, हळूहळू वाढवत न्यायचं. पूर्ण बरं वाटायला जवळजवळ चार आठवडे लागले.

त्या चार आठवड्यांत आम्ही चौघं तीन वेळा बसलो. मी तिला स्पष्ट सांगितलं की हे तुमच्यामुळे झालं असं मनात धरू नका, तुमची भीती खोटी नव्हती. पण घरात "लागलं तर खेळ बंद" असा नियम असला की मूल खेळ सोडत नाही, सांगायचं सोडतं. मी हे किती घरांत बघितलंय. तेव्हा काय ठरवायचं ते तिघांनी मिळून ठरवलं. त्याने सांगितलं तर त्या दिवशी कुणी ओरडायचं नाही आणि कायमचं बंद असा शब्द काढायचा नाही, डॉक्टर म्हणतील तेवढेच दिवस बसायचं. लपवलं तर मात्र तो सीझन संपला. दुसऱ्यांदा कंकशन झालं तर थांबायचं की नाही यावर परत सगळ्यांनी बसायचं. यात आईने स्वतःहून एक घातलं, की तो बसलेला असताना टीमच्या पोरांना शनिवारी घरी जेवायला बोलवायचं. मला ते सुचलं नव्हतं. त्याचा डबा एकट्याने खायचा प्रश्न तिला बरोबर ऐकू आला होता. पहिल्या शनिवारी सात जणं आली, साबुदाणा वडे कमी पडले.

पुढच्या वर्षी तो खेळला. तिला आवडलं नाही, आजही आवडत नाही, मॅचला जाते पण किकऑफच्या वेळी स्टँड्सच्या खाली जाऊन उभी राहते.

सप्टेंबरमध्ये तिचा मला रात्री व्हॉइस मेसेज आला. ती देसी ग्रोसरीत होती, सामानाची ट्रॉली अर्धी भरलेली, आणि त्याचा टेक्स्ट आला, आई, कान वाजतायत, ट्रेनरला सांगितलंय, ये. ट्रॉली तिथेच सोडून निघाली. तपासलं, काही निघालं नाही, एक दिवस बसवलं. मेसेजच्या शेवटी ती म्हणत होती की ताई, भाजी राहिली तिथेच, आता पोरासाठी मुगाची खिचडी टाकली आहे आणि तो इथे माझ्या बाजूला ओट्यावर बसून काहीबाही सांगून राहिला.