उन्हाच्या पट्ट्यातले बर्फाचे ढग

प्रश्न : विषुववृत्ताजवळ वर्षभर उकाडा असतो. मग तिथल्या आकाशात बर्फाचे ढग कसे?

उकाडा आहे म्हणूनच! तापलेली हवा वर चढत राहते आणि तपांबराचे, म्हणजे जमिनीलगतच्या हवेच्या थराचे, छप्परच उंच उचलून धरते. ध्रुवांकडे हे छप्पर, म्हणजे तपस्तब्धी, साधारण ८-९ किलोमीटरवर असते, उष्ण कटिबंधात १६-१७ वर. तिथवर पोचेपर्यंत तापमान उणे ८० अंशांच्या आसपास उतरते. ध्रुवीय उन्हाळ्यात त्याच उंचीवरची हवा याहून बरीच उबदार असते.

प्रश्न : पाणी तर शून्य अंशाला गोठते. मग हे ढग एवढ्या वरच का?

शून्य अंशाला बर्फ वितळतो, हे पक्के. पाणी मात्र त्याच तापमानाला गोठेल याची हमी नाही. ढगातला स्वच्छ, बारीक थेंब उणे ३८ अंशांपर्यंत पाणीच राहू शकतो. धुळीच्या योग्य कणाचा आधार मिळाला, तर तो त्याआधीच गोठतो.

प्रश्न : आसपास कुठे वादळ नाही, तरी दुपारभर आकाशावर दुधी पडदा असतो. तो येतो कुठून?

बहुधा दूर कुठेतरी होऊन गेलेल्या वादळातून. गडगडाटी ढग तपस्तब्धीला टेकला की त्याला वर वाट उरत नाही, मग तो आडवा पसरतो. माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट होतो. खालचे वादळ काही तासांत विरते, ऐरण मात्र वाऱ्यावर स्वार होऊन पातळ होत होत शेकडो किलोमीटर जाते. मोसमी पावसाच्या महिन्यांत दक्षिण आशियावर, सुमारे १४-१५ किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून वाहणाऱ्या झोतवाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. ढगांत फट पडेल तेव्हा पाहा : खालचे ढग पश्चिमेकडून येताहेत आणि वरचा पडदा नेमका उलटा सरकतोय. मला तरी हे दृश्य पाहून कंटाळा येत नाही.

काही ढग मात्र जागच्या जागी तयार होतात. वादळांच्या धक्क्यांनी वरच्या हवेत लाटा उठतात. लाटेच्या चढावर हवा थोडी आणखी गार होते आणि तेवढ्यात बाष्पाचे स्फटिक बनतात. आधाराला धूळ नसेल, तर बर्फाच्या हिशेबाने हवा संपृक्त (म्हणजे बाष्पाने काठोकाठ) व्हायला पुरते त्याच्या दीडपट बाष्प लागते. यातले काही ढग इतके विरळ की खालून दिसतच नाहीत. २००६ मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहाने वरून लेसर टाकून असे ढग टिपले.

प्रश्न : काही ढगांना घोड्याच्या शेपटीसारखे झुपके का असतात?

तो पडणारा बर्फ आहे. स्फटिक जड झाले की घसरू लागतात. खाली वारा मंद असेल तर ते मागे रेंगाळतात आणि आकडी तयार होते. जमीन गाठण्याआधीच कोरड्या हवेत त्यांची वाफ होते. १८०३ मध्ये ढगांना नावे देणाऱ्या इंग्रज ल्यूक हॉवर्डने या ढगांना सिरस म्हटले, लॅटिनमध्ये कुरळी बट.

तपस्तब्धीजवळ याच पडण्याचा मोठा परिणाम होतो. स्फटिक हवेतले पाणी घेऊन खाली जातात, म्हणून तिथून स्थितांबरात, म्हणजे तपस्तब्धीच्या वरच्या थरात, शिरणारी हवा अगदी कोरडी असते : दहा लाख रेणूंमागे पाण्याचे जेमतेम चार-पाच. या कोरडेपणावरूनच वातावरणाचे अभ्यासक ॲलन ब्रूअर यांनी १९४९ मध्ये ताडले होते की, स्थितांबरात हवा शिरते ती उष्ण कटिबंधातल्या या गारठ्यातून.

प्रश्न : चंद्राला खळे पडले की पाऊस येतो म्हणतात. खरे का?

खळे याच ढगांचे. षटकोनी स्फटिकांतून वळलेला प्रकाश चंद्रापासून २२ अंशांवर कडे धरतो : हात लांब करून वीत पसरा, साधारण तेवढेच अंतर. समशीतोष्ण प्रदेशांत असा पडदा पुष्कळदा पावसाळी हवेच्या पुढे चालतो, तिथे हा अंदाज बऱ्याचदा साधतो. उष्ण कटिबंधात मात्र मी त्यावर पैज लावणार नाही. तो पडदा कालच बरसून संपलेल्या वादळाचाही असू शकतो.