कॅडफेल गुप्तहेर नव्हे, तो माग काढतो

प्रश्न असा आहे: एलिस पीटर्स यांच्या कादंबऱ्यांतला ब्रदर कॅडफेल, बाराव्या शतकात श्रूजबरीच्या मठात औषधी वनस्पतींची बाग राखणारा साधू, खुनांचा छडा लावतो. त्याला मराठीत 'गुप्तहेर' म्हणायचं का? आणि असल्या मध्ययुगीन रहस्यकादंबऱ्यांत माणूस एवढा का गुंततो?

नाही म्हणायचं. तपास करणारा कुणी दिसला की त्याला 'गुप्तहेर' चिकटवायची खोड मालिकांच्या जाहिरातींपासून पुस्तकांच्या मलपृष्ठांपर्यंत पसरली आहे. हेर कुणीतरी पाठवलेला असतो, तो शत्रूच्या गोटातली बातमी आणतो. बहिर्जी नाईक हेर. कॅडफेल कुणाच्या बातम्या पोचवत नाही, मेलेल्या माणसाचं काय झालं ते शोधतो. 'डिटेक्टिव्ह'ही तिथे परकाच. लंडनच्या पोलिसांत ती शाखा निघाली १८४२ साली.

आपल्याकडे नेमका शब्द आहे: माग. विणकराचा माग वेगळा, तो सोडा. हा माग आला 'मार्ग'वरून आणि 'मार्ग' आला 'मृग'वरून. ऋग्वेदात मृग म्हणजे नुसतं हरीण नव्हे, कुठलंही रानटी जनावर. त्याची शिकार ती मृगया, त्याच्या पावलांनी उमटलेली वाट तो मार्ग. म्हणजे आधी खुराचा ठसा आणि मग रस्ता! धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'मृग' आणि 'मार्ग' या दोन्ही धातूंना अर्थ एकच दिलाय, अन्वेषण, म्हणजे शोध घेणं. आपलं 'मागणं'सुद्धा याच घरातलं. आधी शोधणं, मग हात पसरणं. काही कोशकार 'मार्ग'चं नातं 'मृज्', म्हणजे पुसणे, या धातूशी जोडतात. मला ते मुळीच मान्य नाही. पुसून काढलेल्या जमिनीवर माग राहील कसा? त्यांनी एकदा पहाटेच्या रानात ओल्या पायवाटेने चालून बघावं.

आणि गंमत बघा, इंग्रजी 'स्ल्यूथ', म्हणजे तपास करणारा, हा शब्द याच वाटेने आला. जुन्या नॉर्स भाषेत 'स्लोद' म्हणजे माग. स्कॉटलंडात माग काढणारा कुत्रा तो स्ल्यूथ-हाउंड. माणसाला ते नाव लागलं एकोणिसाव्या शतकात.

माझे आजोबा सांगायचे, गोठ्यातून बैल चोरीला गेला की जागल्या, म्हणजे गावचा राखणदार, आधी ठसा शोधायचा आणि सापडला की त्यावर पाटी पालथी घालायचा, गुरांच्या पायांनी मोडू नये म्हणून. मग माग काढत शिवेपर्यंत जायचं. माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी पुढच्या गावाची. इंग्लंडच्या १२८५ सालच्या विंचेस्टर कायद्याबद्दल वाचलं तेव्हा मला आजोबाच आठवले. तिथेही चोरामागे हाकाटी करत गावोगाव धावायचं आणि चोर हजर करता आला नाही, तर भरपाई त्या मुलखातल्या लोकांनी भरायची.

बोटांचे ठसे नाहीत, रक्ताची तपासणी नाही, पोलीस चौकी नाही. चिखलात उठलेलं एक पाऊल, बाहीला चिकटलेलं एखादं पान. कॅडफेलला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, म्हणून तर आपणही त्याच्यासोबत खाली वाकून बघायला लागतो.

तेव्हा अनुवादात सरळ 'कॅडफेल माग काढतो' असं लिहा. नामच हवं असेल तर 'मागकाढ्या' लिहा. वाट पाडणारा, म्हणजे वाटेत लुटणारा, 'वाटपाड्या' मराठीत कधीपासून नांदतो आहे, मग 'मागकाढ्या'ला अडवणार कोण?