तुमचे प्रश्न : जिनिंगवाल्याने सीएमसीचा प्लांट टाकावा का?

प्रश्न : दादा नमस्कार, आमची जामनेर तालुक्यात जिनिंग आहे, दसऱ्यापासून तीन-चार महिने जोरात चालते मग पट्टे बंद. सरकी आम्ही तेल गिरणीला विकून टाकतो. एक कन्सल्टंट म्हणतो सरकीवरचं लिंटर (जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू) काढा आणि त्याची सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, पाण्यात विरघळून दाटपणा आणणारी पावडर) बनवा, कच्चा माल घरचाच आहे, प्लांट वर्षभर चालेल. एचपीएमसीला (सेल्युलोजचीच दुसरी पावडर) तर पुट्टी आणि टाइल्सवाल्यांची अजून जास्त मागणी आहे असंही म्हणतो. बँक लोन द्यायला तयार आहे. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी घाई करू नका. मी बरीच वर्षं सीएमसीच्या प्लांटवर काढलीत म्हणून मनापासून सांगतो, "कच्चा माल घरचा" हे वाक्य ऐकायला गोड लागतं पण या धंद्यात पैसा तिथे ठरत नाही. सरकीवरचं लिंटर जसंच्या तसं चालत नाही, ते काढायला डिलिंटिंगचं मशीन लागेल, मग कॉस्टिक सोड्यात शिजवायचं, ब्लीच करायचं, धुवायचं. तेव्हा कुठे ते रिअॅक्टरमध्ये टाकण्यालायक होतं.

आता हिशोब बघा, भाव मी देत नाही, ते त्या दिवशीचे फोन करून घ्या, पण किलो सांगतो. डीएस (सेल्युलोजच्या साखळीतल्या एकेका कडीला सरासरी किती रासायनिक गट चिकटले तो आकडा) ०.८ धरली तर १ टन कोरड्या सेल्युलोजला, म्हणजे साफ केलेल्या लिंटरला, कागदावर मोनोक्लोरोअॅसेटिक अॅसिड ४६७ किलो आणि कॉस्टिक ३९५ किलो लागतं. पण सगळं अॅसिड सेल्युलोजला चिकटत नाही, काही पाण्याशीच रिअॅक्ट होऊन ग्लायकोलेट होतं, म्हणून ७० टक्के उतारा धरला तर अॅसिड ६६५ च्या आणि कॉस्टिक ५६० च्या आसपास जातं. हाती शुद्ध सीएमसी येते साधारण १.४ टन आणि तिच्यासोबत मीठ नि ग्लायकोलेट मिळून ६०० किलो. हे ६०० किलो नीट लक्षात ठेवा. टेक्निकल ग्रेड म्हणून विकली तर ते मालातच जातं आणि भाव पडेल मिळतो, खाण्याच्या किंवा औषधाच्या ग्रेडला ते सगळं अल्कोहोलच्या पाण्याने धुऊन काढावं लागतं आणि मग ते खारं पाणी तुमच्या दारात उभं राहतं! ते नाल्यात सोडता येत नाही, सोडूही नये, खाली लोकांच्या विहिरी आहेत. त्याला इव्हॅपोरेटर लागतो, त्याला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला जळण, आणि कन्सल्टंटच्या कागदावर हे सगळं एका ओळीत "ईटीपी" (सांडपाणी प्रक्रिया) म्हणून लिहिलेलं असतं.

दुसरं अल्कोहोल, रिअॅक्शन त्यातच चालते आणि ते परत गोळा करून पुन्हा वापरायचं असतं. समजा १ टन सेल्युलोजमागे ५ टन अल्कोहोल फिरलं आणि त्यातलं फक्त २ टक्के उडालं तर १०० किलो गेलं, दर बॅचला. नफा कंडेन्सरमध्ये (अल्कोहोलची वाफ गार करून परत मिळवतो त्यात) असतो असं आमचे जुने ऑपरेटर म्हणायचे ते खोटं नाही. आपल्याकडे लोक मे महिन्याला घाबरतात पण तेव्हा हवा कोरडी असते, कूलिंग टॉवर चांगलं काम करतो, फक्त पाणी भरपूर पितो (आणि नेमकं तेव्हाच पाणी नसतं), खरा त्रास जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत होतो, टॉवरचं पाणी गारच होत नाही आणि व्हेंटमधून अल्कोहोलचा वास यायला लागतो. वास आला म्हणजे पैसे चालले. शिवाय आग, फ्लेमप्रूफ मोटारी, साठ्याची लायसन्सं, प्रदूषण मंडळाची संमती आणि पर्यावरण मंजुरी लागते का ते जागा घेण्याआधीच तपासा, नंतर नाही.

एचपीएमसीचं तर सध्या नावच काढू नका. त्यात मिथाइल क्लोराइडचा विषारी, पेट घेणारा गॅस प्रेशरखाली वापरावा लागतो आणि प्रॉपिलीन ऑक्साइड ३४ डिग्रीला उकळतं, जळगावचा पारा ४४ च्या वर जातो. पहिल्याच प्लांटला हे नको.

आणि माल विकायचा कसा? एकदा आम्ही एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे सॅम्पल घेऊन गेलो, व्हिस्कॉसिटी बरोब्बर बसली होती, आम्ही खूश. लॅबमधल्या बाईंनी १ टक्क्याचं सोल्यूशन काचेच्या पट्टीवर ओढलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि काही न बोलता पट्टी माझ्या हातात दिली. आत बारीक बारीक रुवं, रिअॅक्ट न झालेले तंतू. ऑर्डर गेली. तेच सॅम्पल पुन्हा तिथे उभं करायला आम्हाला वर्ष लागलं आणि त्या वर्षात हप्ते चालूच होते. गिऱ्हाईक मंजुरीला सहा-आठ महिने घेतं, मग वर ६०-९० दिवसांची उधारी, म्हणजे खेळतं भांडवल मशिनरीइतकंच लागेल असं धरून चाला.

माझं मत विचाराल तर आधी फक्त डिलिंटिंग टाका. रुवांमुळे तेल ढेपेत अडकतं, ती रुवं काढली की गिरणीला तेलाचा उतारा वाढतो, म्हणजे त्या सरकीला भाव मागता येईल, आणि सेकंड कटचं (मशीनमधून दुसऱ्या फेरीत निघालेलं, जास्त आखूड) लिंटर सेल्युलोजवाल्यांना विका. मात्र ढेप घेणाऱ्या दूधवाल्यांना रुवांची ढेप लागते, त्यांना आधी विचारून घ्या. दोन सीझन हे करा, त्या वेळात सीएमसी घेणाऱ्या दहा जणांकडे स्वतः जाऊन या. तरीही वाटलं तर मग टेक्निकल ग्रेडचा छोटा प्लांट, आणि अॅसिड हाताळणाऱ्या पोरांच्या हातमोज्यांवर नि शॉवरवर एक पैसाही वाचवू नका, ते अॅसिड थोड्या कातडीवर सांडलं तरी अंगात भिनून माणूस जाऊ शकतो.

प्रश्न : सर, रावेरकडे केळीचे खांब बांधावर सडतात, त्यापासून सीएमसी होईल का?

उत्तर : प्रयोगशाळेत होते ताई. पण खांबात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, म्हणजे ट्रॉलीभर आणलं तर आपण पाण्याचंच भाडं भरतो, आणि उरलेल्या तंतूत लिग्निन असतं, ते काढायला कापसापेक्षा कितीतरी जास्त केमिकल लागतं. धागा, दोरी, हातकागद किंवा गांडूळखत, खांब पडतो तिथल्या पाच-दहा किलोमीटरात जे होईल ते करा.